तिथीचा रकाना

ब्लेडने थर्मोकोल कापताना होणारा आवाज आता मला सहन होत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दिवाळीची सुट्टी संपत आली की तो कानात सुरू होतो. सुट्टीनंतर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन, ते झालं की जिल्ह्याचं, आणि त्यातच कुठल्या तरी संशोधन स्पर्धेची शेवटची तारीख. या अंकाच्या संपादकांनी कळवलं, की तुमच्या बालवैज्ञानिकांविषयी लिहा, प्रेरणादायी असू द्या. प्रेरणादायी माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही. जे आहे ते लिहितो.

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका हायस्कूलात मी विज्ञान शिकवलं. शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकच, म्हणजे मी. त्यामुळे प्रदर्शन, संशोधन स्पर्धा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं माझ्याच गळ्यात. फॉर्मवर त्या माणसाला 'मार्गदर्शक शिक्षक' म्हणतात. त्याने काय करायचं, ते कुठे लिहिलेलं नसतं. प्रत्यक्षात तो तक्ते रंगवतो, एसटीच्या कंडक्टरला विनवण्या करून मॉडेल टपावर चढवतो, ऑनलाइन अर्ज भरताना साइट बंद पडली की मुख्याध्यापकांची बोलणी खातो आणि बक्षीस मिळालं की फोटोत कडेला उभा राहतो.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. या स्पर्धांत दोन वह्या असतात. एक रफ वही. मुलाने रोज केलेल्या नोंदी, खाडाखोड, चहाचे डाग, सगळं तिच्यात. दुसरी पक्की वही, सुवाच्य अक्षरात, शीर्षकं अधोरेखित केलेली. नियम असा, की परीक्षकाने मागितली तर रफ वही दाखवायची. परीक्षक सहसा मागत नाही. त्याला दिवसाला चाळीस टेबलं संपवायची असतात आणि जेवण गार होत असतं. त्यामुळे आम्ही मार्गदर्शक मंडळी सगळा जीव पक्क्या वहीत ओततो. रफ वही पिशवीत राहते.

मी कट्टा गावात राहतो. तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराने आपला मुलगा मुद्दाम आमच्या शाळेत घातला होता. "सर घरचेच आसत," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी तो एक पेटी घेऊन माझ्या दारात आला. त्याच्या इंजिनीअर पुतण्याने बनवलेलं मॉडेल होतं. माती सुकली की पंप आपोआप सुरू, ओली झाली की बंद. काम झकास होतं, नाही म्हणत नाही. मी मुलाला विचारलं, "ही तांबडी वायर कसली रे?"

"तां माका म्हायत नाय, सर. पण हात लावू नको म्हणान दादान सांगल्यान."

मुलगा आज्ञाधारक होता. प्रदर्शनात त्याने कशालाही हात लावला नाही. जिल्ह्यात दुसरा नंबर आला. दुकानदाराने मला पेढे दिले आणि म्हणाला, "फुडच्या वर्साचा पण दादाक सांगून ठेवलंय." मी प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून सही केली. अशा सह्या मी पुष्कळ केल्या. त्यांची लाज वाटायची ती पहिली दोन-तीन वर्षं, मग हाताला सवय झाली.

एकदा मात्र उलटं झालं. एका शेतकऱ्याच्या मुलाने नक्षत्रं आणि मुंग्यांच्या हालचाली यांच्या वर्षभर नोंदी ठेवल्या होत्या. मुंग्या अंडी घेऊन कुठल्या नक्षत्रात वर चढतात, पाऊस किती दिवसांनी आला, असं सगळं. मला ते आवडलं. मी काहीही न सुधारता ते जिल्ह्याला नेलं. परीक्षक कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक होते. त्यांनी वही उघडली, मृग, आर्द्रा वाचलं आणि सरळ माइक हातात घेतला. "विज्ञान प्रदर्शनात पंचांग आणलंय. मार्गदर्शक शिक्षक कोण आहेत, हात वर करा." मी हात वर केला. सभागृह हसलं. आमच्या तालुक्याचे शिक्षकही हसले, त्यांच्याबरोबर मी दरवर्षी एकाच गाडीने येत-जात असे. तो मुलगा रडला नाही, पण परतीच्या वाटेवर त्याने ती वही माझ्याकडे मागितली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, की माझ्या कुठल्याही प्रकल्पात यापुढे पंचांग येणार नाही.

पुढचं सगळं त्या ठरवण्यामुळे झालं.

दर्शना देवबागची. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची पट्टी, तिच्यावर तिचं घर. वडील होडी घेऊन मासेमारीला जात. आत्याचा शेजारीच होमस्टे होता. नववीत असताना एक दिवस ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. बोलणारी मुलगी नव्हती, त्यामुळे मी आधी समजलो की फी-माफीचा अर्ज आणला असेल.

"सर, आमच्या बावीचा पाणी कधी गोडा लागता, कधी खारा. तां कित्याक?"

मी तिला किनाऱ्यावरच्या विहिरींचं पुस्तकातलं उत्तर दिलं. वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, उपसा जास्त झाला की खारं वर येतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण उपसो रोजचोच आसा. पाणी रोज खारा नसता." मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ही पोर माझ्यापुढे चालली आहे.

आत्याच्या होमस्टेला पाण्याचा फिल्टर बसवला होता. फिल्टरवाल्याकडे पेनासारखा एक मीटर असतो, पाण्यात बुडवला की क्षारांचा आकडा दाखवतो. आत्याने तसा एक मागून घेतला. दर्शनाने चार विहिरी निवडल्या. खाडीकडची, समुद्राकडची, मधली आणि आत्याची, जिच्यावर दिवसभर पंप चालायचा. सात महिने तिने आकडे घेतले. मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा.

तिची ती रफ वही लाल पुठ्ठ्याची होती. तिच्यात तारखा नव्हत्या. तिने तिथी लिहिल्या होत्या. अमावस्या, अष्टमी, पौर्णिमा, पुन्हा अष्टमी. शेजारी चार विहिरींचे चार आकडे. मी विचारलं, "तारीख का नाही?" तिने माझ्याकडे जरा नवलानेच पाहिलं. बापाच्या घरात तारखेला कोण विचारतो? होडी काढायची ती तिथीवर. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही की उतरत नाही. हे तिला आमच्या भूगोलाच्या पुस्तकाआधीपासून येत होतं. आणि तिचे आकडे सरळ सांगत होते, की उधाणाला चारही विहिरी खारट होतात आणि भांगाला निवळतात. आत्याची विहीर सगळ्यांत जास्त चढते, कारण उपसा आणि उधाण तिथे एकत्र येतात. इतकं चांगलं काम माझ्या उभ्या नोकरीत कुणी केलं नव्हतं. मी तर नाहीच.

दहावीत गेल्यावर तिची पक्की वही करायला बसलो. एका न्यासाची राज्य पातळीवरची संशोधन स्पर्धा होती. निवड झालेल्या मुलांना अकरावी-बारावी विज्ञानाला वसतिगृहासकट शिष्यवृत्ती. वडील शाळेत येऊन मला सांगून गेले होते, "सर, हेच्यात नाव इला तर चेडवाक कोल्हापुराक धाडतंय. नाय तर नाय. माका जमाचा नाय." त्यात नाराजी नव्हती, साधा हिशोब होता. तिला विज्ञान शिकायचं होतं आणि त्याची एकच वाट होती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

म्हणून मी कुठलाही धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. तिला म्हणालो, "हो तिथीचो रकानो काढून टाक. तारखा घाल."

"काढूचो? मगे भरती कशी समजतली?"

"भरतीचा आपण सारांशात लिहू."

ती दिनदर्शिका घेऊन बसली आणि एकेक तिथी तारखेत बदलत गेली. सारांश अडीचशे शब्दांत बसवायचा होता. माझा तीनशेच्या वर गेला. काय कापू, काय कापू करत मी भरतीची दोन वाक्यं कापली. त्यात 'उधाण', 'अमावस्या' असे शब्द होते आणि मला ते माइकवर ऐकू येऊ लागले होते. उरलं ते असं, की उपशामुळे किनाऱ्यावरच्या विहिरी खाऱ्या होतात. हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आलेख काढला तो करवतीच्या दातांसारखा आला, दर पंधरवड्याला वर, दर पंधरवड्याला खाली. त्यावरून मी सरासरीची एक सरळ रेघ मारली. आणि पढवलं, "हे वर-खाली कशामुळे असं कोणी विचारलं, तर सांग मीटरची त्रुटी असेल. त्रुटी कबूल केली की परीक्षकांना बरं वाटतं." हा माझ्या धंद्यातला जुना तोडगा. बऱ्याच मुलांना त्याने तारलं होतं.

जिल्ह्यातून निवड झाली. राज्याची फेरी पुण्याला. आत्या बरोबर आली होती, ती बाहेर पायरीवर बसली. आत मुलं आपापल्या टेबलाशी आणि मार्गदर्शक पाठीमागे दोन पावलांवर. मार्गदर्शकाने बोलायचं नाही, असा दंडक होता. माझ्या खांद्याला रेक्झिनची पिशवी होती. त्यात डबा, छत्री आणि लाल पुठ्ठ्याची वही.

परीक्षक बाई वयस्क होत्या. त्यांना घाई नव्हती. इतर परीक्षक उभ्याउभ्या दोन प्रश्न विचारून जात. या बाईंनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला आणि आलेखाकडे पाहत बसल्या. माझ्या सरळ रेघेकडे त्यांनी बघितलंही नाही. दातांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे दर पंधरा दिवसांनी चढतंय. का चढतंय, बाळ?"

दर्शनाने आलेखाकडे पाहिलं. मग ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. एवढंच मला विचारत होती, की सांगू का. मला बोलायची बंदी होती, पण मान हलवायची नव्हती. मला ते सभागृह आठवलं, तो माइक, तो हसण्याचा आवाज. मी मान किंचित आडवी हलवली.

"मीटरची त्रुटी असेल, मॅडम," ती म्हणाली.

"चारही विहिरींत? एकाच दिवशी?"



बाई माझ्याकडे वळल्या. "सर, रफ वही आहे का मुलीची?"

अजूनही वेळ गेलेली नव्हती. पिशवीत हात घालायचा होता, बस्स. पण रफ वहीत तिथी आणि पक्क्या वहीत तारखा. बाई विचारणार, रकाना कुणी काढला. मी म्हणालो, "शाळेत राहिली, मॅडम."

"बरं," म्हणाल्या. कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठल्या.

यादी संध्याकाळी लागली. तिच्यात दर्शनाचं नाव नव्हतं. आत्याने मला विचारलं, "काय चुकला, सर?" मी म्हणालो, "स्पर्धा मोठी असते." दर्शना आमच्या मागून चालत होती. एसटीत ती खिडकीशी बसली आणि मालवण येईपर्यंत झोपली, किंवा झोपल्यासारखी राहिली. वडील स्टँडवर आले होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हवांदे. तुमी केलास तितक्या कोण करता?" आजवर मला कुणी इतकं वाईट बोललेलं नाही.

दहावीनंतर तिने जवळच्या कॉलेजात कला शाखा घेतली. विज्ञानाचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबलं तर देवबागची एसटी चुकायची, असं कारण मला कुणीतरी सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. मी प्रदर्शनांना जात राहिलो, थर्मोकोल कापत राहिलो, सह्या करत राहिलो. त्या दिवसाविषयी घरीसुद्धा बोललो नाही. बायको विचारायची, हल्ली प्रदर्शनाहून आलात की जेवत का नाही. दमलोय, म्हणायचो. तेही खोटं नव्हतं.

यंदा पावसाळा संपताना तालुक्याहून फोन आला. या वर्षी तुम्ही परीक्षक म्हणून या. मी माळ्यावरून ती रेक्झिनची पिशवी काढली, कारण कागद न्यायला दुसरी चांगली पिशवी नाही. तिच्या आतल्या कप्प्यात लाल पुठ्ठ्याची वही होती. मी ती परत केलीच नव्हती. तिने मागितली नव्हती. ती वही हातात घेऊन बराच वेळ बसलो आणि दुसऱ्या दिवशी देवबागची गाडी धरली.

होमस्टे आता दर्शनाच चालवते. आत्याचे गुडघे गेले. अंगणात चार पाहुणे बसले होते आणि त्यातला एक तक्रार करत होता, की नळाला धार बारीक का. "उद्यापर्यंत बारीकच असणार," ती त्यांना म्हणाली. "पंप बंद आहे. टाकीतलंच पाणी वापरायचं." मग मला बघून पुढे आली, पाया पडली, खुर्ची दिली. "सर, किती वाळलास."

पंपाच्या बटणाशेजारी एक दिनदर्शिका लटकत होती. प्रत्येक अमावस्या, पौर्णिमा, अष्टमीच्या चौकोनात बारीक अक्षरात आकडा. मी उठून जवळ जाऊन पाहिलं. मागची पानं उलटली. सगळ्या महिन्यांत आकडे होते.

"अजून घेतंस?"

"घेतंय. उधाणाचे चार दिस पंप लावूचो नाय, मगे बाव बिघाडना नाय. आता शेजारची माणसापण फोन करून विचारतत, दर्शना, आज लावू काय."

तेवढ्यात तिचा फोन वाजलाच. पलीकडे कुणी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "नको गो. आज नको. परवा."

चहा झाला. मी पिशवीतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. येताना गाडीत दोन-तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "ही तुजी. माज्याकडेच ऱ्हवली होती."

तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवला. वही उघडली नाही.

"दर्शना, त्या दिसा तुका उत्तर येय होता."

"येय होता, सर."

"मगे मी मान हालवली तरी सांगूचा होता. तुजा नुकसान झाला."

ती जरा हसली, म्हणजे वर्गात हसायची तसंच, ओठ मिटून. "मी सांगलंय असता तर त्या मॅडमनी तुमका सगळ्यांसमोर विचारल्यानी असता, वहीत तिथी कित्याक नाय म्हणान. तुमका आधीच एकदा सगळे हसले होते. त्या मुंगयेच्या झिलान आमका सांगलेला."

मुंग्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या मुलाने शाळेत सगळं सांगितलं होतं तर. मी म्हणालो, "शाळेत राहिली म्हणून मी त्यांना खोटं सांगितलं." मालवणी बोलता बोलता मी वर्गातल्या मराठीवर कधी आलो, कळलं नाही.

"म्हायत आसा," ती म्हणाली. "तुमच्या पिशयेची चेन उघडी होती, सर. लाल पुठ्ठो माका दिसा होतो."

पाहुण्यांपैकी कुणीतरी जेवणाचं विचारायला हाक मारली. ती उठली. जाता जाता तिने वही उचलली, दोन्ही हातांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हवांदे तुमच्याकडेच. माका सगळा पाठ आसा." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीत वही मांडीवरच होती. पिशवीत ठेवायला हात धजला नाही. तालुक्याचा परत फोन आला आहे, परीक्षक म्हणून येताय ना. अजून काही कळवलेलं नाही.